पतंग का पडला? तिसरी-चौथीच्या मुलांबरोबर पतंग बनवून उडण्याचं विज्ञान शिकताना

"बाई, दोरा तुटला की पतंग मोकळा होतो ना? मग तो आणखी वर का नाही जात? पडतो कशाला?"

चौथीतल्या एका मुलीने मला हे विचारलं तेव्हा मी "वारा पडला असेल गं" म्हणून वेळ मारून नेली. वारा पडलेला नव्हता. कवठाच्या झाडाची पानं सळसळत होती आणि ती पोरगी माझ्याकडे नाही, झाडाकडे बघत होती. उत्तर नीट द्यायला मला पुढची संक्रांत उजाडली. ते उत्तर फळ्यावर सापडण्यासारखं नव्हतंच, पंधरा पतंग पाडल्यावर सापडलं. तेव्हापासून दर जानेवारीत चार दिवस मी हा उद्योग करते. तुमच्या वर्गातही जमावा म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

आधीच सांगते, दुकानातले तयार पतंग आणू नका. पहिल्या वर्षी मी तेच केलं. मुलं खूश झाली, पण शिकली काहीच नाहीत, कारण ते पतंग नीट उडत होते. आपल्याला पडणारा पतंग हवा, आणि तो का पडला हे शोधण्याएवढा वेळ.

कधी आणि कुठे

संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते. येवल्यात तर भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस गाव गच्चीवर असतं, हातात बांबूची आसारी, म्हणजे दोरा गुंडाळायची फिरकी. पण शाळेतला प्रयोग सणाच्या आठवड्यात नको, आठवडाभर आधी ठेवा. सणात मुलांचं सगळं लक्ष काटाकाटीत असतं. शिवाय त्या दिवसांत तुटलेला मांजा सगळीकडे लोंबकळत असतो. सगळीकडे संक्रांतच हवी असंही नाही. फलटणला नागपंचमीला पतंग उडवतात. तुमच्याकडे वारा ज्या महिन्यात नेमाने वाहतो, तो महिना धरा.

देशावर जानेवारीत सकाळी वारा बहुधा झोपलेला असतो, ऊन तापलं की उठतो. त्यामुळे बनवायचं काम सकाळच्या तासिकांना आणि उडवणं मधल्या सुट्टीनंतर. किनाऱ्यावर दुपारी समुद्राकडून येणारा वारा चांगला साथ देतो. मुलांना यातलं निम्मं घरूनच माहीत असतं. ज्वारी उपणताना आजी वाऱ्याची वाट बघत बसते हे त्यांनी पाहिलेलं असतं. माझ्या वर्गातल्या एका मुलाने मूठभर भुसा उडवून मला वाऱ्याची दिशा दाखवली होती.

मैदानावर विजेच्या तारा जवळपास नकोत. ही अट मोडायची नाही. छोटं मैदान एक वेळ चालेल, तारांखालचं चालणार नाही. शाळेच्या इमारतीच्या आडोशालाही उभं राहू नका. भिंतीवरून उतरलेला वारा पलीकडे भोवऱ्यासारखा फिरतो आणि तिथे चांगला पतंगसुद्धा वेड्यासारखं करतो. इमारतीच्या उंचीच्या सात-आठ पट अंतर सोडलं की वारा सरळ होतो. गच्ची तर नकोच.

किती वारा हवा? लिंबाची पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलताहेत, हलकं निशाण पसरून फडफडतंय, म्हणजे ताशी १२ ते १९ किलोमीटर. कागदी पतंगाला हा उत्तम. धूळ उठायला लागली आणि पडलेले कागद उडायला लागले की वारा ताशी २० च्या पुढे गेला. त्यात पेपरचा पतंग फाटतो. त्या दिवशी वर्गात बसून कण्णी, म्हणजे पतंगाला पुढून बांधतात ती दोरी, बांधा.

सामान

दोघांत एक पतंग. तीस मुलांना पंधरा. एकेकट्याला पतंग दिला की एक जण रडतो, आणि एकाने सोडायचा, दुसऱ्याने धरायचा हे जमत नाही.

वर्तमानपत्राचं जोडपान सगळ्यात बरं. तावाचा पतंगी कागद हलका आणि सुंदर असतो, पण तिसरीच्या हातात पहिल्या दहा मिनिटांत फाटतो. कामट्या बुरुडाकडून चिरून आणा. जाडीला दोन-तीन मिलिमीटर, रुंदीला चार. त्यांना म्हणावं "पतंगाला हव्यात", मग ते पेर बघून देतात. बांबू चिरणं, तासणं मुलांकडे देऊ नका. त्याची कूस बोटात गेली की तो दिवस संपला. बुरूड जवळ नसेल तर खराट्यातले जाड, सरळ हीर घ्या. दोन हीर उलटसुलट जोडून बांधले की लहान पतंगाला पुरतात.

चिकटवायला खळ. एक कप पाण्यात दोन चमचे मैदा किंवा कणीक गुठळ्या न होता कालवायची आणि मंद आचेवर ढवळत शिजवायची. रंग बदलून चकाकी आली की उतरवायची. पूर्वी पुस्तकं बांधणारे खळीत मोरचूद घालायचे, म्हणजे किडे लागत नसत. मुलांच्या खळीत तो अजिबात नको, विषारी असतो. आणि खळ लावायची ती बोटाने, पातळ. पहिल्या खेपेला आमच्या वर्गाने ती पुरणासारखी थापली होती. वाळल्यावर ते पतंग हातात पापडासारखे कडक आणि वजनाला दुप्पट लागत होते. खळ नसेल तर भाताची शितं. आपण सगळे त्यावरच वाढलो.

दोरा साधा, सुती. शिलाईचा जाड धागा किंवा गोधडीचा दोरा. काच लावलेला मांजा नाही, नायलॉनचा तर नाहीच. नायलॉन आणि काचेच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये देशभर बंदी घातली आहे. तो दुचाकीवाल्यांचे गळे चिरतो, पक्ष्यांचे पंख कापतो आणि वर्षानुवर्षं झाडांवर लटकतो. मुलांना हे सांगायचं, पण भाषण म्हणून नाही. सुती दोरा हाताने तुटतो आणि नायलॉनचा तुटत नाही एवढं सांगितलं तरी त्यांना कळतं. धातूची तार किंवा चमकीचा दोरा आणला असेल तर तो वर्गाबाहेर ठेवा.

याशिवाय शेपटीला जुन्या साडीच्या चिंध्या, कंपासपेटीतला कोनमापक, एक नट आणि प्रत्येक जोडीला एक वही.

पहिला दिवस: पुठ्ठा घेऊन पळणे

पहिल्या दिवशी पतंगाला हात लावायचा नाही. वहीच्या आकाराचा एक पुठ्ठा प्रत्येकाला द्या आणि मैदानात पळायला सांगा. आधी पुठ्ठा आडवा, जमिनीला समांतर धरून. मग उभा, छातीसमोर. मग तिरका, पुढची कड थोडी वर करून. पळून आल्यावर एकच प्रश्न: "पुठ्ठा हाताला कुठे ढकलत होता?"

आडवा धरला तर जवळजवळ काहीच नाही. उभा धरला तर मागे. तिरका धरला तर "मागे पण आणि वर पण". ही तिसरी ओळ मुलांच्या तोंडून येईपर्यंत थांबा, आपण बोलू नका. तिरक्या पुठ्ठ्यावर आपटलेला वारा खाली वळतो. वाऱ्याला खाली ढकलल्याबद्दल पुठ्ठा वर ढकलला जातो. पतंगाचं सगळं गणित इथून सुरू होतं. (चालत्या गाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढून हे दाखवायची जुनी पद्धत आहे. मुलांना सांगू नका, ती करून बघतात.)

फळ्यावर चार बाण काढा. वरचा बाण उचल. वाऱ्याच्या दिशेने मागे जाणारा ओढ. खालचा वजन. आणि दोऱ्याच्या दिशेने, तिरका खाली आणि पुढे येणारा ताण. तिसरीला एवढं पुरे. "बल" हा शब्द चौथीला सांगा, तोही शेवटी.

पहिली-दुसरीची मुलं लुडबुड करत असतील तर त्यांना बिनकाडीचा पतंग द्या. वहीच्या मोठ्या कागदाची मधोमध घडी घालायची. घडीची कड खाली धरून, पुढच्या बाजूचे वरचे दोन्ही कोपरे न मुडपता गोल वळवत खाली आणायचे आणि घडीवर पुढून ६ सेंटीमीटरवर स्टेपल करायचे. त्याच्या मागे घडीजवळ भोक पाडून दोरा बांधायचा. भोक ८ सेंटीमीटरवर की ९ की १०? तिन्ही पाडा आणि कोणत्या भोकातून बरा उडतो ते त्यांनाच ठरवू द्या. पाच मिनिटांत तयार होतो आणि वर्गभर त्यांची पळापळ सुरू होते.

दुसरा दिवस: सांगाडा आणि कागद

उभी कामटी ६० सेंटीमीटर, आडवी ४८. या मापाचा पतंग जोडपानात बरोबर बसतो.

सांगाडा बांधण्याआधी प्रत्येक कामटीचा मध्य शोधायचा, पट्टीने नाही तर बोटावर तोलून. आडवी कामटी बोटावर जिथे तोलली जाते तिथे पेनाने खूण. मग पट्टीने मध्य काढून दुसरी खूण. दोन्ही खुणा एकाच जागी आल्या तर कामटी चांगली. एका बाजूला पेर असेल तर खुणा वेगळ्या येतात. जड बाजू थोडी तासायची, आणि तासायचं काम आपलं. हे पाच मिनिटांचं काम बऱ्याचदा टाळलं जातं आणि मग दिवसभर पतंग एका बाजूला का कलतोय म्हणून डोकं खाजवावं लागतं.

उभ्या कामटीवर वरून १५ सेंटीमीटरवर आडवी कामटी ठेवा, तिच्या मध्यावर. दोऱ्याने फुलीसारखे आठ-दहा वेढे घ्या, गाठ मारा, वर खळीचा ठिपका. चारही टोकांना छोटी खाच पाडून बाहेरून एक दोरा फिरवा. हा झाला पतंगाचा कोट. दोरा ताठ हवा, पण एवढा नाही की कामटी वाकेल. आता डावी आणि उजवी बाजू मोजायची: वरच्या टोकापासून दोन्ही बाजूंच्या टोकांपर्यंतची अंतरं सारखी हवीत. माझ्या वर्गात हे एकमेकांचे पतंग मोजून तपासतात. दुसऱ्याची चूक काढताना मुलं मिलिमीटरही सोडत नाहीत.

सांगाडा जोडपानावर ठेवून दोऱ्याच्या बाहेर दोन सेंटीमीटर सोडून कागद कापायचा. कोपरे छाटायचे, कड दोऱ्यावरून दुमडून खळीने चिकटवायची. दोन्ही कामट्यांना कागदाच्या तीन-तीन पट्ट्या. वजनाखाली नाही, सावलीत उभा करून वाळवायचा. उन्हात ठेवला तर कागद आखडून सांगाडा पिळला जातो.

एका बाजूच्या टोकावर लाल ठिपका काढा. उद्या मैदानावर "डावीकडे जातोय!" असं ओरडताना पतंगाची डावी की तुझी डावी, यावरून भांडण होतं. ठिपका असला की "लाल बाजूला जातोय" म्हणता येतं.

कागद वाळेपर्यंत सांगायला एक गोष्ट आहे. नायगाऱ्याच्या दरीवर पूल बांधायचा होता. दरी सुमारे २४० मीटर रुंद, खाली खवळलेलं पाणी. पहिला दोर पलीकडे न्यायचा कसा? १८४८ मध्ये होमन वॉल्श नावाच्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने पतंग उडवून त्याचा दोरा पलीकडे पोचवला. त्या दोऱ्याला जाड दोरा, त्याला दोरखंड, त्याला तार, असं करत पूल उभा राहिला. आमच्या वर्गात या गोष्टीनंतर ओढ्यावरून दोरा न्यायच्या योजना दोन दिवस चालू होत्या.

कण्णी: सगळं इथे अडतं

मला विचाराल तर पतंगाच्या कागदावर जेवढा वेळ घालवतो त्याच्या दुप्पट कण्णीवर घालवावा. वारा पतंगावर किती तिरका आदळणार हे कण्णी ठरवते.

दोन जागी भोकं. वरची दोन, कामट्यांच्या फुलीच्या दोन बाजूंना तिरकी. खालची दोन, उभ्या कामटीच्या दोन्ही बाजूंना, शेवटापासून १० सेंटीमीटरवर. भोकांच्या जागी आधी कागदाचं ठिगळ लावा, म्हणजे फाटत नाही. सुमारे ८० सेंटीमीटर दोरा घ्या. पुढच्या बाजूने, म्हणजे जिथे कामट्या दिसत नाहीत त्या बाजूने, एक टोक वरच्या भोकांतून घालून फुलीला बांधा आणि दुसरं खालच्या भोकांतून घालून उभ्या कामटीला. मधला दोरा पुढे ढिला लोंबतो.

त्या लोंबत्या दोऱ्यावर एक छोटा फासा सरकगाठीने बसवा. उडवायचा दोरा या फाशाला बांधायचा. फासा पक्क्या गाठीचा केलात तर प्रयोग तिथेच संपला. तो वर-खाली सरकला पाहिजे.

पहिली जागा अशी शोधा: फासा बोटात धरून पतंग उचला, कामट्यांची बाजू जमिनीकडे. फासा आडव्या कामटीच्या जरासा खाली, बोटभर, येईल असा सरकवा. पतंगाचं नाक किंचित वर राहून तो तिरका लटकला पाहिजे. मुलांना मी सांगते, "घसरगुंडीएवढा नको, उतरणीएवढा." आता तोलही बघून घ्या. लाल ठिपक्याची बाजू खाली झुकत असेल तर दुसऱ्या टोकाला कागदाचा तुकडा चिकटवा.

फासा नाकाकडे सरकवला की पतंग आडवा होतो आणि जोराच्या वाऱ्यातही धरतो. शेपटीकडे सरकवला की उभा होतो, वारा जास्त अडवतो, जोरात ओढतो. फार खाली गेला तर वर चढतच नाही, नुसता ओढत फिरतो. एका वेळी अर्धा सेंटीमीटरच सरकवायचा. मुलांचा हात तीन सेंटीमीटर सरकवतो, मग "हे पण नाही चाललं" म्हणून मोकळा होतो. कण्णीवर स्केचपेनने अर्ध्या-अर्ध्या सेंटीमीटरच्या खुणा करून ठेवा.

शेपटी

असा सपाट पतंग शेपटीशिवाय नाचतो. चिंध्यांची दोन सेंटीमीटर रुंद पट्टी घ्या, एकूण चार मीटर, एकेका मीटरचे तुकडे गाठ मारून जोडलेले. गाठ सोडून शेपटी कमी-जास्त करता येते.

सगळी मुलं म्हणतात शेपटी वजनासाठी असते. कित्येक मोठी माणसंही तेच म्हणतात. वाद न घालता करून दाखवा: शेपटी सोडून तिच्याच वजनाचा खडा पतंगाला बांधा. दोन्ही काटेकोर सारखे नसले तरी चालतील, किराणा दुकानात तोलून आणले तर उत्तम. खडा बांधलेला पतंग गोते खातो. शेपटीला वारा मागे ओढतो, त्यामुळे पतंगाचा बुडखा वाऱ्याच्या दिशेने मागे राहतो आणि नाक सरळ. खड्याला वारा कितीसा ओढणार!

आपल्या बाजारातल्या चौकोनी पतंगाला शेपटी नसते, मग तो सरळ कसा राहतो? हा प्रश्न येतोच. त्याची वरची कमान वाऱ्याच्या दाबाने मागे वाकते, पतंग होडीच्या तळासारखा होतो. एक कागद मधोमध किंचित दुमडून, कडा वर करून खाली सोडा. तो तसाच, न उलटता, उतरतो. कडा खाली करून सोडा, उलटतो. आपल्या पतंगातही हे करता येतं: आडव्या कामटीच्या दोन टोकांना मागून दोरा ताणून ती पाच सेंटीमीटर धनुष्यासारखी वाकवायची. मग शेपटी निम्म्यावर येते. पण हे चौथ्या दिवशी. आधी साधा पतंग उडू दे.

मोठ्या पतंगाला जुना शब्द वावडी. वावड्या उठल्याचं आपण रोज म्हणतो, उठवायला मात्र कुणी मैदानात जात नाही.

तिसरा दिवस: मैदान

पळायचं नाही. हे दहा वेळा सांगावं लागेल. पळालं की पतंगाला क्षणभर वारा मिळतो, मूल थांबलं की तो पडतो, आणि मूल मागे बघत पळत असल्यामुळे स्वतःही पडतं.

उडवणाऱ्याने वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं. जोडीदाराने पतंग घेऊन दहा-पंधरा पावलं समोर, वारा जातो त्या बाजूला जायचं. दोरा ताठ. पतंग नाक वर करून दोन्ही हातांनी डोक्यावर धरायचा. वाऱ्याचा झोत आला की उडवणारा "सोड!" म्हणतो आणि त्याच वेळी दोरा हातावर हात घेत दोन-तीन वेळा खेचतो. सोडणाऱ्याने पतंग वर फेकायचा नाही, नुसते हात उघडायचे. पतंग चढायला लागला की थोडी ढील, ओढ कमी झाली की खेच. हाताला ताण लागतोय तोवर पतंग जिवंत आहे. दोरा सैल पडला की ढील थांबव. पतंग बदवायला शिकणं म्हणजे एवढंच, पण ते हाताला कळायला एक दुपार जाते.

एका वेळी पाचच पतंग, वाऱ्याला आडव्या ओळीत, मध्ये पंधरा पावलं अंतर. बाकीच्या जोड्या नोंदी घेतात. झाडावर किंवा तारेवर अडकलेला पतंग सोडून द्यायचा. काठी नाही, दगड नाही, चढणं नाही. "दोरा तोड आणि ये." आणि पक्षी सकाळी लवकर आणि संध्याकाळी जास्त उडतात, त्या वेळा आपण घेतच नाही.

एका वेळी एकच बदल

पतंग पडला की मुलं एकदम सगळं बदलतात: शेपटी लांब करतात, फासा सरकवतात, कोपऱ्याला कागद चिकटवतात. मग तो उडतो आणि कशामुळे उडाला ते कुणालाच कळत नाही. म्हणून मैदानावर माझा एकच नियम आहे. माझ्याकडे आलात तर आधी सांगायचं, मागच्या वेळेपासून कोणती एक गोष्ट बदलली. दोन सांगितल्या तर परत जायचं.

वहीत रकाने फार नकोत: काय बदललं, काय होईल असं वाटतं, काय झालं. "काय होईल असं वाटतं" हा रकाना उडवण्याआधी भरायचा. उडवल्यावर भरला तर सगळ्यांचं सगळं बरोबर येतं!

शेपटीने सुरुवात करा. आधी शेपटी नाही, मग १, २, ३, ४ मीटर. प्रत्येक वेळी साठपर्यंत मोजायचं आणि पतंगाने किती गिरक्या घेतल्या ते लिहायचं. शेपटी नसताना मोजायला काही उरतच नाही. दोन-तीन मीटरला गिरक्या कमी होतात. चार मीटरला पतंग शहाण्यासारखा उभा राहतो, पण तेवढा उंच जात नाही, कारण शेपटी मागे ओढते आणि तिचं वजनही आहेच. "मग जास्त शेपटी चांगली की वाईट?" यावर एक तासिका सहज जाते.

आपण पतंग दुरुस्त करून द्यायचा मोह आवरा. मला अजूनही जमत नाही. हात शिवशिवतात.

उंची मोजणे

दोऱ्यावर दर ५ मीटरला रंगीत खूण करून ठेवा. २० मीटर सोडून थांबायचं. कोनमापकाच्या सरळ कडेच्या मध्याला दोरा बांधून नट लटकवा. सरळ कड वर धरून तिच्यावरून पतंगाकडे नेम धरायचा, लटकता दोरा ९० पासून जेवढा सरकला तेवढा कोन. एकाने नेम धरायचा, दुसऱ्याने वाचायचं.

मग वर्गात वहीवर २ मीटरला १ सेंटीमीटर हे प्रमाण घेऊन १० सेंटीमीटरची तिरकी रेघ त्या कोनात काढायची आणि तिच्या टोकाची उंची पट्टीने मोजायची. ३० अंशाला १० मीटर येते, ४५ ला सुमारे १४, ६० ला सुमारे १७. त्यात मुलाच्या हाताची उंची मिळवायची. एका पोराने विचारलं, "बाई, दोरा तर मध्ये झोका खातो, मग १७ कसं?" बरोबर आहे, खरी उंची थोडी कमीच. ते वहीत लिहायला सांगितलं.

सगळ्यात उंच पतंगाला बक्षीस देऊ नका. दिलंत की नोंदी बंद होतात आणि मांजा सुरू होतो.

पडणाऱ्या पतंगाचं काय करायचं

एकाच बाजूला कलत असेल तर तोल आणि बाजूंची मापं परत बघा. बऱ्याचदा त्या बाजूचा कागद ढिला निघतो. गोल गोल फिरत असेल तर आधी शेपटी एक मीटर वाढवा. थांबला नाही तर फासा अर्धा सेंटीमीटर नाकाकडे. जोरात ओढतो पण चढत नाही, तरी फासा नाकाकडेच. फडफडतो, ओढतच नाही, किंवा डोक्यावर येऊन नाकावर आपटतो, तर फासा शेपटीकडे. काहीच चालत नसेल तर पतंग हातात घेऊन वजन बघा. खळीचा पापड झाला असेल तर तो उडणार नाही, नवा करा.

चौथा दिवस: दोरा तुटल्यावर

आता त्या मुलीचा प्रश्न. वारा अगदी कमी असेल तेव्हा, नाहीतर सकाळीच, पतंगाला १० मीटर दोरा बांधून मोकळ्या मैदानात समोर बघत झपझप चालायला सांगा. पतंग मागे उठतो. थांबा म्हणा. खाली येतो. वारा तर नाही, मग पतंगावर आदळलं काय? मूल पुढे गेलं, हवा जागेवर राहिली. पतंगाला हवी ती आपल्यावरून जाणारी हवा, ती कशी मिळाली याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

मग वारा सुटल्यावर एका जोडीला हातभर उंचीवरचा पतंग तिथल्या तिथे सोडून द्यायला सांगा, दोऱ्यासकट. तो वाऱ्याबरोबर सरकतो, उलटतो, पडतो. दोरा सुटल्यावर पतंग वाऱ्याच्याच वेगाने वाहायला लागला. ओढ्यात वाहणाऱ्या पानाला पाणी कुठे ढकलतं? पान पाण्याबरोबरच चाललंय. काठाला दोऱ्याने बांधलेल्या कागदी होडीला मात्र पाणी ढकलतं. दोरा पतंगाला खाली ओढतो हे खरं, पण तोच त्याला वाऱ्यासमोर उभा धरतो. तो नसेल तर वारा त्याच्यावर आदळणारच नाही.

"मग विमानाला दोरा कुठे असतो?" हा पुढचा प्रश्न मुलांकडून येतो. पुठ्ठा घेऊन पळालेला दिवस आठवायला सांगा. विमान इंजिनाच्या जोरावर पळतं, स्वतःचा वारा स्वतःच तयार करतं. आणि राइट बंधूंची सुरुवातही पतंगानेच झाली. १८९९ च्या उन्हाळ्यात त्यांनी पाच फूट रुंदीचा दुपंखी पतंग केला आणि जमिनीवर उभं राहून चार दोऱ्यांनी त्याचे पंख पिळून बघितले, कलतो का, सावरतो का. १९०० मध्ये माणूस वाहून नेण्याएवढं ग्लायडर केलं, तेही बराच वेळ दोऱ्यांनी बांधून पतंगासारखंच उडवलं. इंजिनाचं विमान उडालं १७ डिसेंबर १९०३ ला. मधली चार वर्षं त्यांनीही पाडलं, बदललं, परत उडवलं.

आमच्या एका जोडीच्या वहीतलं शेवटचं पान माझ्याकडे आहे: "शेपटी काढली. पडला. १ मीटर लावली. पडला. २ मीटर लावली. उडाला. सरांनी हात लावला. पडला." (सर दुसऱ्या वर्गाचे. त्यांनी फासा सरकवला होता.)

आवरताना

मैदानातला दोऱ्याचा तुकडान् तुकडा गोळा करायचा, सुती असला तरी. पायात अडकतो, चिमण्यांच्याही पायात अडकतो. मुलं त्याचा गुंडा करतात, कुणाचा मोठा यावर पैज लागते, आपलं काम होतं.

पतंग घरी द्यायचे असतील तर द्या. शाळेत ठेवणार असाल तर दोरीला टांगून ठेवा, कपाटावर नको. मी कपाटावर ठेवले होते. जूनमध्ये काढले तर उंदरांनी खळीसाठी सगळा कागद कुरतडलेला. कामट्या मात्र शाबूत होत्या, त्या वर्षी बुरुडाकडे जावं लागलं नाही.